चर बुजायच्या आत

पुण्याच्या कसबा पेठेत जुना वाडा पाडला की खड्डे सुरू होतात: ड्रेनेजचा चर, पाण्याची टाकी, पिलर. मी जाते ती चराची उभी भिंत, म्हणजे तिच्यातले जुन्या वस्तीचे मातीचे थर बघायला. वस्तू हुकली तर हळहळ वाटते, पण थर हुकला तर जाण्यात अर्थच नाही.

जेसीबीच्या आधी पोहोचा. मुकादमाशी चहा घेता घेता एवढंच मागा: दातांची बकेट काढून सपाट लावा आणि वीत-वीत सोलत जा. ऑपरेटरला दिसाल असे उभे राहा. आधार नसलेल्या खोल चरात उतरू नका. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची भुसभुशीत माती सांगून ढासळत नाही.

एक बाजू थापीने वरून खाली तासा, थोडं पाणी फवारा. रंग उघडतात. वरचा राडारोडा सोडून द्या. नदीकडच्या गल्लीत बारीक गाळाचा पट्टा दिसला, की सगळे १२ जुलै १९६१ म्हणतात, म्हणजे पानशेत धरण फुटून आलेला पूर. आधी गाळाच्या वर काय आहे ते बघा. त्यावर जुनी चुन्याची जमीन अखंड असेल, तर तो पूर पानशेतच्या आधीचा. उलट एखादा खड्डा थर चिरत खाली गेला असेल, तर त्यातलं खापर खोल सापडलं म्हणून जुनं ठरत नाही. पेव (धान्य साठवायचे खड्डे), आड, शोषखड्डे इथे पावलोपावली. खड्ड्याची कड आधी आखा, त्यातल्या वस्तूंची पिशवी वेगळी ठेवा. कसब्यात सातवाहनकाळापर्यंतचे अवशेष मिळालेत, त्यामुळे ही सरमिसळ महागात पडते.

खापरी नळ लागला तर उतार कुठे आहे ते मोजा; पेशवाईत कात्रजचं पाणी शहरातल्या हौदांत खेळवलेलं होतं.

खोली शेजारच्या घराच्या जोत्यावरून मोजा, कारण जमीन संध्याकाळपर्यंत बदलते. फोटोत मोजपट्टी, उत्तर दिशा आणि तारखेची पाटी हवीच. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. नुसता मुरूम लागला तरी किती फुटांवर ते टिपा.

‘सोनं निघालं का?’ हे दर तासाला कोणीतरी विचारणारच. १० रुपयांहून जास्त किमतीचा निधी, म्हणजे जमिनीत पुरलेलं धन सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हे मजुरांना सकाळीच सांगा. माणसाचं हाड वाटलं तर काम थांबवा, पोलिसांना कळवा. शनिवारवाडा संरक्षित स्मारक आहे; त्याच्या १०० मीटरच्या आत असाल, तर मालकाकडे परवानगीचा कागद आहे का, हे चर पडण्याआधी विचारा.

मशीन जेवायला थांबतं तेवढ्यात रेखाटन उरका. नोंदीची एक प्रत मालकाला द्या. पिलरचे खड्डे घेताना तो स्वतःहून फोन करतो.