पोर्तुगाली धर्तीच्या जादुई जगातील मुलांची चोरीकथा कशी लिहावी

चार मुले, कडेकोट बंदोबस्तातील एक वस्तू, ती पळवण्यासाठी बारकाईने आखलेला बेत आणि ऐन वेळी त्या बेताला बसणारा धक्का, एवढ्या सामग्रीवर नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी उत्तम साहसकथा उभी राहू शकते. मात्र ती पोर्तुगालसारख्या जादुई जगात घडवायची असेल, तर निळ्या टाइल्स, जुनी गलबते आणि समुद्रावरचे धुके यांची नुसती सजावट पुरत नाही. पोर्तुगालकडून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीने कथेत कुलपाचे तरी काम करावे किंवा किल्लीचे तरी. दोन्हींपैकी काहीच होत नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी वगळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चोरायची वस्तू आधी ठरवावी

पात्रे आणि राज्ये नंतर येतात. सुरुवात वस्तूपासून करावी. पोर्तुगालच्या इतिहासातील एक खरी चोरी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. परतलेल्या जहाजांनी आणलेली माहिती लिस्बनमधील राजाच्या मूळ सागरी नकाशावर नोंदवली जात असे आणि ती परक्यांच्या हाती पडू नये म्हणून दक्षता घेतली जात असे. १५०२ मध्ये इटलीतील फेराराच्या ड्यूकचा हस्तक अल्बेर्तो कांतीनो याने सोन्याची १२ दुकाते मोजून जगाचा असा एक पोर्तुगाली नकाशा मिळवला आणि तो इटलीला पोचवला. त्यात ब्राझीलचा किनारा होता आणि भारताचा पश्चिम किनाराही होता. पुढे हा नकाशा गहाळ झाला, १८५९ मध्ये मोदेना शहरातील एका खाटकाच्या दुकानात सापडला आणि आता तो त्याच शहरातील एस्तेन्से ग्रंथालयात आहे. या चोरीत सोनेनाणे लुटले गेले नाही. पळवले गेले ते ज्ञान. मुलांच्या कथेतही वस्तूचे मोल तिच्या किमतीत नसावे, तर ती काय करू शकते यात असावे.

ती वस्तू मुळात कोणाची, हा प्रश्न आपल्याकडचा वाचक हमखास विचारील, कारण पोर्तुगालचे वैभव १५१० मध्ये जिंकलेल्या गोव्यासारख्या दूरच्या प्रदेशांवरही उभे होते. म्हणून मुलांची चोरी ही हिरावलेली वस्तू परत नेण्याची धडपड असावी. त्यातही दुसरी बाजू पुसून टाकू नये. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या. मेणवलीची आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच मानल्या जातात. एकाच घंटेत एका बाजूला विजय आणि दुसऱ्या बाजूला हानी ऐकू येते, हे मुलांना समजते. त्यांच्यापासून ते लपवण्याची गरज नसते.

या लेखापुरते उदाहरण म्हणून घंटाच घेऊ. एका कोळीवस्तीतील घंटेचा नाद धुक्यात वाट चुकलेल्या होड्यांना घरी आणतो, राज्यपाल ती उचलून राजधानीत नेतो आणि वस्तीतील चार मुले ती परत आणायला निघतात. ही निवड सोयीची आहे, कारण वाजू न देता घंटा चोरणे ही अडचण वस्तूबरोबरच जन्माला येते आणि ती वेगळी रचावी लागत नाही.

वस्तू ठेवण्याची जागा खऱ्या वास्तूवरून रचावी

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. कोइंब्रा विद्यापीठाचे जोआनिना ग्रंथालय १७१७ ते १७२८ या काळात बांधले गेले. तेथे वटवाघळांची वस्ती असून ती रात्री बाहेर पडून पुस्तके खाणारे किडे टिपतात. त्यांच्या विष्ठेपासून बचाव व्हावा म्हणून कर्मचारी संध्याकाळी टेबलांवर चामडी आच्छादने पसरतात आणि सकाळी साफसफाई करतात. याच इमारतीच्या तळाशी पूर्वी विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग होता. वर पुस्तके, खाली कोठड्या, मधे अंधारात जागे असलेले पहारेकरी आणि रोज ठरलेल्या वेळी पसरली जाणारी, मूल लपू शकेल एवढी मोठी आच्छादने, असा लेखकाला हवा असलेला सारा नकाशा येथे तयार मिळतो. आपली घंटा अशाच ग्रंथालयाच्या तळघरात ठेवावी. वटवाघळे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधत असल्याने घंटेचा एक टोला पडला तरी ती बिथरतील आणि सारे ग्रंथालय जागे होईल.

आता याच भूमीतून किल्ली शोधावी. जगातील सुमारे निम्मे बूच पोर्तुगालमध्ये तयार होते. बूच म्हणजे बूच-ओक या झाडाची साल. ती साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलतात आणि कोणत्या वर्षी सोलली हे कळावे म्हणून त्या वर्षाचा शेवटचा अंक खोडावर रंगवतात. बूच हलके असते, पाण्यावर तरंगते आणि आवाज शोषून घेते, त्यामुळे घंटेचा लोळा गुंडाळायला त्याहून योग्य पदार्थ नाही. खोडांवरचे अंक ओळीने वाचणाऱ्या मुलीला रानातून जाणारी गुप्त वाटही सापडू शकते.

शहराच्या रचनेसाठी लिस्बनच्या राष्ट्रीय टाइल संग्रहालयातील सुमारे २३ मीटर लांबीचे निळे-पांढरे टाइलचित्र पाहावे. १७०० च्या सुमाराचे हे चित्र १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपापूर्वीचे शहर दाखवते. त्या भूकंपाने, पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने आणि आगीने त्यातले पुष्कळसे नष्ट केले. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या शहराचा नकाशा सर्वांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर असावा आणि तो वाचता येणारे कोणी उरलेले नसावे, ही कल्पना मला मोहवते. तळघराकडे जाणारे जुने भुयार अशाच भिंतीवर, चुकीच्या जागी बसवलेल्या एका टाइलमध्ये दडवता येईल.

जादूला नियम आणि मुदत द्यावी

जादू काहीही करू शकत असेल, तर बेताला अर्थ उरत नाही. म्हणून दोनच जादू निवडाव्यात आणि दोन्हींचे नियम पहिल्या काही प्रकरणांतच सांगून टाकावेत. बार्सेलोस गावच्या आख्यायिकेत फाशीची शिक्षा झालेल्या एका निरपराध यात्रेकरूसाठी ताटातला भाजलेला कोंबडा उठून आरवतो. यावरून असा नियम करता येईल की पहारेकऱ्यापुढे कोणी खोटे बोलले, तर दाराशी ठेवलेला मातीचा कोंबडा आरवतो. मग मुलांना खोटे बोलण्याची सोयच राहत नाही आणि केवळ खरी वाक्ये बोलून पहारेकऱ्याची समजूत चुकवावी लागते. असा संवाद लिहिणे अवघड असते, पण मुले नेमके तेच पान पुन्हा पुन्हा वाचतात.

दुसरी जादू मुदतीसाठी वापरावी. पोर्तुगाली लोककथांमध्ये विहिरी, झरे आणि पडके किल्ले यांत मंत्रबद्ध मूर (मध्ययुगात तेथे राज्य केलेल्या मुस्लिम समाजातील) तरुणी खजिन्याची राखण करतात आणि २३ जूनला येणाऱ्या संत जोआँवच्या रात्री त्यांच्यावरचे बंधन सैल होते. गोव्यात याच संताच्या सणाला, सांजांवला, २४ जून रोजी लोक डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरीत उड्या घेतात, त्यामुळे विहीर आणि ही तिथी यांची सांगड आपल्याकडच्या अनेक वाचकांना ओळखीची वाटेल. भुयार विहिरीत उघडते आणि तिची राखणदार त्या एका रात्रीच वाट देते, एवढे ठरले की घड्याळाचा ताण आपोआप येतो. तिला केवळ अडथळा करू नये. तिचीही काही मागणी असावी आणि ती पुरी करताना मुलांना काहीतरी गमवावे लागावे.

टोळी लहान ठेवावी

चारच्या वर मुले नकोत, कारण पाचव्याला काम उरत नाही. प्रत्येकाकडे एक कौशल्य असावे आणि त्याच कौशल्यातून निघणारी एक अडचण असावी. उदाहरणार्थ, खरे बोलण्यात पटाईत असलेल्या इनेशला गुपित राखता येत नाही, तर बूच सोलणाऱ्यांच्या घरातला तोमे झाडावर निर्धास्त चढतो, पण जमिनीखाली त्याचा जीव घाबरा होतो. मोठ्या माणसांना मूर्ख दाखवू नये. पहारेकरी जितका हुशार, तितके मुलांचे यश खरे वाटते.

बेताचा कोणता भाग सांगायचा ते ठरवावे

चोरीकथेचे मर्म येथे आहे. वाचकाला आधी सविस्तर सांगितलेला बेत फसला पाहिजे आणि जो साधायचा आहे तो काही अंशी झाकलेला असला पाहिजे. अन्यथा तीच घटना दोनदा वाचावी लागते. मात्र झाकलेल्या भागाची सामग्री वाचकाच्या डोळ्यांखालून आधीच गेलेली असावी. आच्छादनाखाली लपण्याचा बेत उघडपणे सांगावा आणि तो मोडावा, कारण त्या संध्याकाळी आच्छादने लवकर पसरली गेली. घंटा मात्र बुचात गुंडाळून भुयारातल्या पाण्यावर तरंगत बाहेर न्यायची आहे, हे सांगू नये. बूच तरंगते एवढेच दुसऱ्या प्रकरणात एखाद्या खेळातून दाखवून ठेवावे.

काळाचा निर्णयही लेखनापूर्वीच घ्यावा. लिस्बनच्या उतारांवरील विजेची ट्राम विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे, तर कॅरावेल गलबते पंधराव्या शतकातली. कल्पित जगात दोन्ही एकत्र नांदू शकतात, पण ती का नांदतात हे लेखकाला ठाऊक असावे. पात्रांची नावे छोटी व मोठ्याने वाचता येतील अशी ठेवावीत.

पहिला खर्डा झाल्यावर बेताचे प्रकरण एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवावे आणि विहिरीपासून घंटेपर्यंतची वाट त्याला कागदावर काढायला सांगावी. जिथे त्याची पेन्सिल थांबेल किंवा चुकीच्या दारातून आत शिरेल, तो परिच्छेद नव्याने लिहावा आणि पुढच्या वेळी ते प्रकरण दुसऱ्या मुलाला वाचून दाखवावे.