एकाच खोलीचं दोनदा बुकिंग: घरची फ्रेमवर्क सोडल्यावर सुटलं

म्हापशाजवळ आमच्या मावशीचं सहा खोल्यांचं होमस्टे आहे. त्याच्या बुकिंगसाठी मी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःची फ्रेमवर्क (वेबसाइटचा सांगाडा) लिहिली होती. डिसेंबरच्या गर्दीत एकाच खोलीचं, त्याच तारखांचं बुकिंग दोघांना मिळायचं.

बटण एका दाबात बंद केलं, मोकळी खोली दोनदा तपासली, उपयोग शून्य. नाताळच्या रात्री सामान घेऊन दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला मावशी काय सांगणार, या विचाराने झोप उडाली.

तपासणी आणि नोंद यांच्या मधल्या फटीत दुसरी विनंती घुसत होती. ही फट बुजवायची सोय जँगो या पायथन भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये तयार आहे, म्हणून तिकडे वळलो.

आधी डेटाबेस पोस्टग्रेसवर नेला, कारण एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर 'सिलेक्ट फॉर अपडेट' (काम संपेपर्यंत ओळ इतरांसाठी लॉक करणारी सोय) काहीच करत नाही. मग 'अटॉमिक' ब्लॉक (आतलं सगळं पूर्ण होतं, नाहीतर काहीच नाही, असा डेटाबेसचा व्यवहार) उघडून आत सर्वात आधी खोलीची ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने लॉक केली, त्यानंतर तारखा तपासल्या, शेवटी नोंद केली. तारखा लॉकच्या आधी तपासल्या तर सगळं व्यर्थ.

वर 'एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट'ही घातला, म्हणजे एकाच खोलीच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर डेटाबेसच नोंद नाकारतो, असा नियम. त्याआधी पोस्टग्रेसच्या 'बीट्री जिस्ट' एक्स्टेन्शनचं मायग्रेशन (डेटाबेसमध्ये बदल करणारी पायरी) लागतं, आणि जुन्या दुहेरी नोंदी काढाव्या लागतात, नाहीतर तो लागतच नाही. तारखांच्या पट्ट्यात निघायचा दिवस धरू नका. त्याच दिवशी दुसरा पाहुणा येतो.

दोन फोनवरून एकदमच बटण दाबून पाहिलं: एकाला खोली, दुसऱ्याला 'खोली गेली'.

लॉगिन, फॉर्म, डेटाबेसचे व्यवहार आता जँगोकडे. कार्निव्हल आणि पावसाळ्याच्या दरांचा हिशेब मात्र माझ्याच कोडमध्ये ठेवलाय, तो कुठल्याच तयार चौकटीत बसत नव्हता.