झोपेसाठी डॉक्टरकडे जाताना वही न्या, आणि बायकोलाही

रात्री २-३ वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं, नाहीतर ८ तास झोपूनही सकाळी अंगात जीव नाही, हे आठवड्यातून ३ रात्री आणि असं ३ महिने चाललं असेल तर उकाडा, टेन्शन, वय ही कारणं आता बास, डॉक्टरकडे जा. मी २ वर्षं गेलो नाही. हळद-दूध झालं, जायफळ उगाळून झालं, आईने काशाच्या वाटीने तळपाय घासून दिले (छान वाटतं ते, झोप नाही आली पण), शेवटी शेजारच्या काकांच्या स्ट्रिपमधली झोपेची अर्धी गोळी. ही शेवटची अक्कल तुम्ही पाजळू नका.

लगेच मोठा स्पेशालिस्ट शोधायची गरज नाही, आधी फॅमिली डॉक्टर. पण त्यांच्याकडे गर्दी असते, ५ मिनिटांत "झोप येत नाही" एवढंच सांगितलंत तर हातात गोळीच पडणार. म्हणून जायच्या आधी २ आठवडे एका वहीत लिहा, किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी लागली, किती वेळा उठलात, सकाळी कधी जाग आली, दुपारी डुलकी काढली का, शेवटचा चहा कधी, दारू घेतली का. रात्री घड्याळ बघत बसू नका त्यासाठी, त्याने उलट झोप उडते, सकाळी आठवेल तसं लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्सपण न्या, कारण स्टेरॉइड किंवा सर्दीच्या काही औषधांनीसुद्धा झोप जाते.

आणि शेजारी जो झोपतो त्याला बरोबर न्या, हे मी सगळ्यांना सांगतो. मी डॉक्टरांना मस्त सांगत होतो की ऑफिसचं टेन्शन आहे, तर बायको मधेच म्हणाली, "अहो ते जोरात घोरतात आणि मधेच श्वासच थांबतो, मग एकदम दचकतात." डॉक्टरांनी लगेच विचारलं, गाडी चालवताना डोळा लागतो का? लागायचा, सिग्नलला. घरी मी कधी बोललो नव्हतो.

मग बीपी, शुगर, थायरॉइड बघतात, झोपताना पाय सारखे वळवळत असतील तर फेरिटिनपण (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) सांगतात. घोरणं आणि श्वास थांबणं असेल तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवतात आणि स्लीप स्टडी होते. डोक्याला वायरी, छातीला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून रात्रभर झोपायचं. "एवढ्या वायरींत झोप कशी लागणार" हे सगळेच म्हणतात, लागते, आणि थोडी लागली तरी बरंच कळतं. काहींना घरीच छोटं मशीन देतात, ते स्वस्त पडतं, विचारून घ्या. श्वास अडकणं तासाला ५ च्या आत नॉर्मल, ३० च्या वर म्हणजे जास्त. माझे ३४ आले.

घोरणं वगैरे काही नाही, नुसती झोपच लागत नाही, तर सीबीटी-आय नावाच्या, गोळ्यांशिवाय झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या थेरपीबद्दल विचारा. जुनाट निद्रानाशाला गोळीच्या आधी हीच करायची असते. त्यात झोपेच्या वेळा बांधून देतात, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायला लावतात, सुरुवातीला वैताग येतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर लोक काय म्हणतील हे डोक्यातून काढा. मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल तर वही भरेपर्यंत थांबू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गोळ्यांचं म्हणाल तर अल्प्राझोलामसारखी गोळी चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तिची सवय लागते, आणि श्वास अडकण्याचा त्रास असेल तर ती त्रास वाढवूही शकते, म्हणजे काकांची अर्धी गोळी मला नेमकी उलटी पडत असणार. पण रोज घेत असाल तर हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते.

मला सीपॅप मशीन लागलं, म्हणजे मास्कमधून हवा सोडून रात्रभर श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. पहिला आठवडा रोज पहाटे मास्क उशीखाली सापडायचा. मग नाकाच्या मापाचा दुसरा मास्क मागून घेतला, आता गावाला जाताना बायको आधी तेच बॅगेत भरते.