जुनी लक्झरी ईव्ही बेळगावात आणायचीय? मग ह्या क्रमानं जावा

दीड वर्ष झालं माझ्याकडं एक सेकंडहँड लक्झरी ईव्ही आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा किती आणि माझ्या घाईचा किती हे मलाच अजून कळलेलं नाही. नवीन असताना कोटीच्या घरातली गाडी निम्म्याहून कमीत मिळाली, म्हणून टिळकवाडीत रोज कोण ना कोण थांबवून विचारतो, "मामा, घेऊ काय?" घे की बाबा, पण आधी गाडी बघू नको, आधी फोन कर.

पहिलं काम: सर्व्हिसवाल्याला फोन

त्या ब्रँडचं जवळचं सर्व्हिस सेंटर शोधा आणि एकच सरळ प्रश्न विचारा, हाय व्होल्टेजचं काम तुमच्याकडं होतं का? ऑइल-ब्रेक-वॉशिंग सगळीकडं होतं, पण बॅटरी पॅक उघडायला ट्रेनिंग घेतलेला माणूस लागतो आणि तो प्रत्येक वर्कशॉपला असेलच असं नाही. नसेल तर गाडी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जाणार. पुणं साधारण ३४० किलोमीटर, बेंगळुरू ५०० च्या आसपास, आणि अडीच टनाची गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेता येत नाही, फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) लागतो. त्याचं भाडं आजच विचारून कागदावर लिहा आणि गाडीच्या किमतीत धरा. मी हे केलं नाही, म्हणून सांगूलालोय.

बॅटरी: किलोमीटर नको, युनिट मोजा

बहुतेक कंपन्यांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर क्लेम, अशी असते. ही मुदत पहिल्या विक्रीपासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. ती दुसऱ्या मालकाला लागू आहे ना, हे चेसिस नंबर देऊन लेखी विचारा. मधल्या सर्व्हिस चुकल्या असतील तर तेही तेव्हाच बाहेर येतं. वॉरंटी संपलेली गाडी कितीही स्वस्त मिळूदे, मी तरी हात लावणार नाही, कारण नवीन पॅकची किंमत बऱ्याचदा त्या जुन्या गाडीएवढीच होते.

विकणारा म्हणणार, "फुल चार्जला ४०० दाखवते." दाखवूदे. स्क्रीनवरची रेंज म्हणजे आधीच्या ड्रायव्हिंगवरनं काढलेला अंदाज. तुम्ही असं करा, गाडी ९० टक्के चार्ज करायला सांगा, ट्रिप मीटर झिरो करा, ८०-१०० किलोमीटर फिरून परत त्याच जागी या, म्हणजे चढउतार फिटतो. समजा ट्रिपमध्ये २२ युनिट (स्क्रीनवर kWh लिहिलेलं असतं) खर्च दिसले आणि बॅटरी २८ टक्के उतरली, तर २२ भागिले ०.२८, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर युनिटच्या आसपास क्षमता शिल्लक. आता नवीन असताना वापरता येणारी क्षमता किती होती ते बघा, ब्रोशरमधला मोठा आकडा नव्हे. ऑडी ई-ट्रॉन ५५ ची बॅटरी ९५ युनिटची म्हणतात पण वापरायला मिळतात साडेशहाऐंशी. म्हणजे आपल्या उदाहरणातली गाडी ही ई-ट्रॉन असेल तर ती ९१ टक्क्यांवर आहे, चांगली आहे. ही ढोबळ मोजणी झाली, कंपनीचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट मिळाला तर तोही घ्याच.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी, मोठी डोकेदुखी

मागच्या पावसाळ्यात आठ दिवस खानापूरकडं गावी होतो, परत आलो तर गाडी मेलेली. मोठी बॅटरी ६४ टक्के भरलेली आणि दार उघडेना, कारण कुलूप-दिवे छोट्या बॅटरीवर चालतात! रिमोटच्या पोटात लपवलेली किल्ली काढून दार उघडलं, पण हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक, गाडी न्यूट्रलला जाईना, फ्लॅटबेडवाला येऊन नुसता बघत उभा. शेवटी उद्यमबागचा ओळखीचा पोरगा आला, जंपर लावला, दोन मिनिटांत सगळे दिवे लागले. छोटी बॅटरी जुनी झालेली होतीच, पण तो पोरगा विचारतोय, "मामा, ॲप किती वेळा उघडलासा?" दिवसातनं चारपाचदा, चार्ज किती आहे बघायला. दरवेळी गाडी झोपेतनं उठायची आणि छोटी बॅटरी खायची.

तर गाडी घेतल्याबरोबर ही बॅटरी चेक करा, तीनचार वर्षांची असेल तर सरळ बदला. हिला चार्ज करणारं यंत्रही बिघडतं. किया ईव्ही६ आणि ह्युंदाई आयोनिक ५ चा २०२४ मध्ये भारतात रिकॉल झाला (कंपनीनं दोष काढायला गाड्या परत बोलावल्या) तो ह्याच कारणानं, आयसीसीयू नावाच्या ह्या यंत्रासाठी, आयोनिकच्या १,७४४ आणि ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या होत्या. कुठलीही गाडी घेताना चेसिस नंबरवर रिकॉल बाकी आहे का विचारा, काम फुकट होतं.

पासिंग: आपल्या सीमाभागाची खास भानगड

कोल्हापूर-पुण्यात गाडी स्वस्त दिसते आणि आपण एमएच पासिंगची उचलून आणतो. पण कर्नाटकानं २०२४ पासून २५ लाखांवरच्या ईव्हीला १० टक्के लाइफटाइम टॅक्स लावलाय. बाहेरची गाडी इथं केए २२ (बेळगावचा नंबर) करायला गेलात की गाडीच्या वयाप्रमाणं थोडं कमी होऊनसुद्धा आकडा लाखात जातो. तुम्ही किती लाखाला घेतली ह्याला तिथं किंमत नाही, मूळ किंमत बघतात. टोकन द्यायच्या आधी आरटीओत जाऊन आकडा काढा. तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, आणि लोन असेल तर बँकेचा फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा) हेही हातात पाहिजेत. "निपाणीपर्यंतच फिरवतो, कोण बघतंय" असं म्हणणारे मित्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर दंड भरायला येत नाहीत. मला विचाराल तर त्या टॅक्सच्या आधी बेंगळुरूत पासिंग झालेली गाडी दोन लाख जास्त देऊनही परवडते.

डीलरकडनं घेताना त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी असतो, तो किमतीत धरलाय का वर लावणार ते विचारा. मालकाकडनं थेट घेतली तर तो लागत नाही.

घरची लाइन

७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. आधी हेस्कॉमकडनं (आपली वीज कंपनी) मंजूर लोड वाढवून घ्या. आणि हो, गृहज्योतीचं (सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचं) झिरो बिल येत असेल तर ते विसरा, महिन्याला २०० युनिटच्या वर गेलं की पूर्ण बिल भरायचं. गाडीसाठी वेगळा मीटर मिळतो का ते लोड वाढवायला जाल तेव्हाच विचारा.

अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जच घेत नाही. एप्रिलमध्ये माझा चार्जर रोज लाल दिवा दाखवायचा, मी गाडीला शिव्या घातल्या. इलेक्ट्रिशियननं काही न बोलता अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, आणि दिवा हिरवा! माती वाळलेली होती. नंतर नवीन खड्डा मारून घेतला, तेव्हापासून त्रास नाही.

महिन्याचा हिशोब

एका युनिटला साडेचार किलोमीटर धरा, घरी चार्ज केलं तर किलोमीटरला दीड-दोन रुपये, हायवेच्या फास्ट चार्जरवर पाचाच्या आसपास. इथं गाडी खरंच स्वस्त. पैसा जातो तो टायरला (वजनानं लवकर झिजतात, एकेक २५-३० हजारांच्या घरात), एअर सस्पेन्शनला (स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या) आणि इन्शुरन्सला. एअर सस्पेन्शन बघायचं तर सकाळी लवकर, न सांगता जा, रात्रभर उभी राहून एका कोपऱ्यात बसलेली असेल तर हवा गळतीय. थर्ड पार्टी प्रीमियममध्ये ईव्हीला १५ टक्के सूट आहे, पण खरा खर्च झिरो डेपचा (पार्ट जुना म्हणून पैसे न कापणारा इन्शुरन्स), आणि गाडी पाचेक वर्षांची झाली की तो मिळायलाच मारामार. ब्रेक पॅड खूप टिकतात कारण मोटरच गाडी थांबवते, फक्त जांबोटी-कणकुंबीच्या पावसात डिस्क गंजते, मधनं मधनं जोरात ब्रेक मारून साफ ठेवा. ऊसपट्ट्यात घर असेल तर उंदरांचा बंदोबस्त करा, नारिंगी (हाय व्होल्टेजची) वायर कुरतडली तर जोड मारता येत नाही, अख्खं हार्नेस, म्हणजे वायरचा सगळा जुडगा, बदलतात.

आणि पैसे द्यायच्या आधी डिकी उघडून ओरिजिनल चार्जिंग केबल आणि दुसरी किल्ली आहे का बघा. मी बघितलं नव्हतं. आता एकच किल्ली आहे, आणि ती बायकोकडं असते.