गर्भधारणा केव्हा झाली असावी, याचा अंदाज कसा काढावा

सोनोग्राफीच्या अहवालात ‘8 आठवडे’ असे लिहिलेले असते आणि लग्नाला जेमतेम साडेसहा आठवडे झालेले असतात; एवढ्यावरून काही घरांत नको ती कुजबुज सुरू होते. वास्तविक अहवालातील आठवडे गर्भ राहिल्याच्या दिवसापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात, कारण बहुतेक स्त्रियांना सांगता येतो तो दिवस तेवढाच असतो. त्यामुळे गर्भधारणेचा अंदाज हवा असेल, तर अहवालातील आकड्यातून सर्वप्रथम दोन आठवडे वजा करावेत. 8 आठवड्यांचा गर्भ हा प्रत्यक्षात सुमारे 6 आठवड्यांपूर्वी राहिलेला असतो.

अंदाजाची सुरुवात पाळीच्या तारखेपासून करावी. येथे पाळी संपल्याचा नव्हे, तर नेहमीसारखा रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस धरायचा असतो. तारीख आठवत नसेल, तर कॅलेंडर समोर ठेवून सणवार, लग्नकार्ये, परीक्षा, प्रवास असे आजूबाजूचे दिवस आठवून पाहावेत. सणाच्या दिवशी पाळी आल्यामुळे पूजेपासून दूर राहावे लागलेल्या स्त्रीला तो दिवस सहसा पक्का आठवतो. समजा, 2025 मध्ये गौरीपूजनाच्या दिवशी, म्हणजे 1 सप्टेंबरला, पाळी आली. पाळीचे चक्र 28 दिवसांचे असेल, तर स्त्रीबीज साधारणपणे 14 दिवसांनी, म्हणजे 15 सप्टेंबरच्या सुमारास बाहेर पडले असावे. प्रसूतीची अपेक्षित तारीख काढण्यासाठी पाळीच्या तारखेत 280 दिवस मिळवतात. 19व्या शतकातील जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रांझ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत अशी, की तीन महिने मागे जावे आणि सात दिवस पुढे यावे. त्यानुसार येथे 8 जून 2026 ही तारीख येते. आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ या हिशेबापासून फारसे दूर नाही.

मात्र सर्वांचे चक्र 28 दिवसांचे नसते. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी बाहेर पडते, म्हणून नियमित 35 दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो दिवस 21 दिवसांनंतर, म्हणजे वरील उदाहरणात 22 सप्टेंबरच्या सुमारास येईल आणि प्रसूतीची तारीखही आठवडाभर पुढे जाईल. शिवाय संबंध आला तोच गर्भधारणेचा दिवस, असेही म्हणता येत नाही. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, तर स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. म्हणून हिशेबातून एक तारीख नव्हे, तर काही दिवसांचा पट्टा हाती येतो. जवळजवळच्या दोन दिवसांपैकी नेमका कोणता, याचा निवाडा या गणिताने कधीच करू नये.

पाळी अनियमित असेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबवल्या असतील किंवा अंगावर दूध पाजत असताना पाळी सुरू होण्याआधीच दिवस गेले असतील, तर या पद्धतीवर भिस्त ठेवता येत नाही. आणखी एक फसगत म्हणजे गर्भ राहिल्यानंतरही काहींना पाळीच्या सुमारास थोडे डाग जातात आणि तीच पाळी समजली जाते. मग हिशेब सुमारे चार आठवड्यांनी चुकतो. नेहमीपेक्षा कमी आणि कमी दिवसांचा स्राव झाला असेल, तर त्याआधीच्या पाळीची तारीखही डॉक्टरांना आवर्जून सांगावी. लघवीच्या चाचणीतील रेघ गडद आहे की फिकट, यावरून किती दिवस झाले हे घरी ठरवत बसू नये.

सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी. त्या काळात गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, जी अहवालात ‘सीआरएल’ म्हणून नोंदलेली असते, सर्वांमध्ये जवळपास सारख्याच वेगाने वाढते, त्यामुळे वयाचा अंदाज पाच ते सात दिवसांच्या फरकाने बांधता येतो. वरील उदाहरणातील स्त्रीने 3 नोव्हेंबरला तपासणी केली, तर पाळीनुसार बरोबर 9 आठवडे भरतात. अहवालात 8 आठवडे 4 दिवस आले, तर फरक तीनच दिवसांचा असल्याने पाळीचीच तारीख कायम राहते. पण 7 आठवडे 5 दिवस आले, तर फरक नऊ दिवसांचा होतो. या टप्प्यावर तो सात दिवसांहून अधिक असल्यास सोनोग्राफीची तारीख धरण्याची प्रचलित पद्धत आहे. मग गर्भधारणा 24 सप्टेंबरच्या सुमारास झाली असे मानावे आणि प्रसूतीची तारीख 17 जून धरावी.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात मात्र हा सारा खटाटोप लागत नाही, कारण पाच दिवसांचा भ्रूण गर्भाशयात सोडला असेल, तर त्या दिवशी गर्भावस्था 2 आठवडे 5 दिवसांची मोजतात.

एकदा लवकरच्या सोनोग्राफीने तारीख पक्की झाली, की पुढच्या अहवालांवरून ती बदलायची नसते. सातव्या-आठव्या महिन्यात बाळाच्या मापांवर वाढीचा वेग, आई-वडिलांची ठेवण आणि वारेचे कार्य या सर्वांचा परिणाम झालेला असतो. तेव्हाच्या अहवालात बाळ दोन आठवड्यांनी लहान दिसले आणि आपण ‘तारीखच पुढे असेल’ म्हणून सोडून दिले, तर बाळाची वाढ खुंटल्याचे लक्षण नजरेआड होऊ शकते. म्हणून पहिला अहवाल फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावा आणि डॉक्टर किंवा दवाखाना बदलताना तो न विसरता दाखवावा.