तारा कुणाला हव्यात, ते आधी विचारा

मुलाला ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेण्याआधी घरी एकदा विचारा, "तुला स्वतःला दात सरळ करून हवेत का?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

मी बरीच वर्षं किशोरवयीन मुलांना तारा लावते. पहिल्या भेटीत आईबाबांना थोडा वेळ बाहेर बसवते. दार लागलं की मुलं खरं बोलतात. "हसताना मी तोंडावर हात धरते" म्हणणारी मुलगी आणि "आई म्हणाली म्हणून आलो" म्हणणारा मुलगा, दोघांचे दात सारखेच वाकडे असले तरी उपचार मी वेगळे आखते. उपचार साधारण दीड-दोन वर्षं चालतात. दर 4 ते 8 आठवड्यांनी काही मिनिटं ते तोंड माझ्यासमोर असतं, बाकी सगळा वेळ ते त्या मुलाच्याच हातात.

मूल मनापासून नको म्हणत असेल तर थोडं थांबता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. जबड्याची वाढ वापरून घ्यायची असेल तर मात्र वय निघून जातं; तेव्हा हे कारण मुलालाच नीट समजावून सांगायला हवं.

विसराळू मुलाला व्याख्यान देऊ नका. वरच्या आणि खालच्या तारांमध्ये ताणून अडकवायचे छोटे रबर बहुधा दिवसाचे 20 ते 22 तास लावावे लागतात, म्हणून रबरांची पुडी टूथब्रशला खेटून ठेवा. ब्रश हातात घेतला की रबर आठवलंच पाहिजे. काढ-घाल करायच्या प्लेटऐवजी पक्कं बसवलेलं काही चालेल का, तेही विचारून घ्या. "माझं मी बघेन" म्हणणाऱ्याला खरंच निवडू द्या: रबराचा रंग, भेटीची वेळ, रात्रीचं ब्रशिंग कधी ते. अबोल मुलांची मला जास्त काळजी वाटते. तार गालाला टोचते, पण ती सांगत नाहीत, गुपचूप रबर लावणं सोडतात. त्यांना "बरं आहे ना?" विचारून काही हाती लागत नाही. "कुठे टोचतंय, बोट लावून दाखव" म्हणा आणि टोचणाऱ्या तारेवर लावायचं मेण हाताशी ठेवा.

चौदा वर्षांचा एक मुलगा दोन महिने "प्लेट घालतो" म्हणत होता. मी म्हटलं, काढून पुन्हा बसव. रोज घालणारं मूल आरसा न बघता ती टचकन बसवतं आणि तोंडात असताना स्पष्ट बोलतं. हा चाचपडत राहिला, बोलताना 'स' अडकला. आईसमोरच मी त्याला रागावले. पुढच्या दोन भेटींना तो आलाच नाही, आणि ती चूक माझी होती. परत आला तेव्हा पहिल्या दिवसाचा फोटो आणि त्या दिवसाचे दात शेजारी शेजारी दाखवले, आणि विचारलं, "रोज किती तास जमेल?" तो म्हणाला, "रात्रभर आणि घरी आल्यावर." तेवढं पुरेसं नव्हतं, तरी मी तिथूनच सुरुवात केली, कारण तो आकडा त्याचा होता. पुढच्या भेटीत तास त्यानेच वाढवले.

घरी रोज "लावलंस का?" विचारलंत तर रोज "हो" ऐकू येईल. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर आरशासमोर उभे राहा. ब्रॅकेटभोवती, म्हणजे दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्यांभोवती, खडूसारखे पांढरे डाग दिसले तर साफसफाई कमी पडते आहे, हे त्यालाच दिसू द्या.

तारा निघाल्या की सगळ्यांचंच लक्ष उडतं, आणि दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचा रिटेनर नेमका तेव्हाच लागतो. जेवताना काढून कागदात गुंडाळलेला रिटेनर कागदासकट कचऱ्यात जातो. डबीची सवय पहिल्या आठवड्यातच लावा.