फिशटँकमधली झाडं जगवायची कशी?

दुकानात ताठ, हिरवीगार दिसणारी झाडं घरच्या टाकीत आली की दोन-तीन आठवड्यांत पिवळी पडतात, पानं विरघळायला लागतात आणि उरलेल्या काड्यांवर शेवाळ चढतं. मग दोन प्रश्न हमखास येतात: खत कुठलं घालू? आणि दिवा वाढवू का? दिवा वाढवणं हा तर बहुतेकदा सगळ्यात वाईट उपाय ठरतो. कारण पुढे येईलच.

झाडं निवडताना

पहिल्या टाकीसाठी अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट ही मंडळी पुरेशी आहेत. यांना कमी उजेड चालतो आणि वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडावा लागत नाही. लालभडक पानांची झाडं आणि तळावर गालिचा करणारी बारीक झाडं फोटोत फार छान दिसतात, पण ती दुसऱ्या टाकीसाठी ठेवा.

एक फसगत मात्र टाळा. लकी बांबू, ड्रॅसिना यांसारखी जमिनीवरची झाडंही फिशटँकची म्हणून सर्रास विकली जातात. पाण्यात पूर्ण बुडवली की ती काही आठवडे तग धरतात आणि मग सडतात. मनी प्लांटची नुसती मुळं पाण्यात सोडली तर उलट फायदाच होतो, कारण ती पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे माशांच्या विष्ठेतून शेवटी तयार होणारं नायट्रोजनचं संयुग, ओढून घेतात. पानं मात्र पाण्याबाहेर हवीत.

आणि झाडं आणायची तर भरपूर आणा. कोपऱ्यात दोन काड्या लावून ‘बघू जगतात का’ म्हटलं, तर पाण्यातलं अन्न शेवाळच खातं.

लावण्याआधी

कुंडीतून झाड काढलं की मुळांभोवतीचा कापसासारखा लोकरी गोळा चिमट्याने सोडवा. जुडीला गुंडाळलेली धातूची पट्टी काढून टाका, नाहीतर त्या जागी खोड चेपून कुजतं. मऊ पडलेली, भोकं पडलेली पानं देठापासून कापा. लांबलचक मुळं तीन-चार सेंटीमीटर ठेवून छाटली तरी चालतात, नवी फुटतात. पानांच्या खालच्या बाजूला जेलीसारखे पारदर्शक ठिपके दिसले तर ती गोगलगायींची अंडी आहेत. नखाने खरवडून काढा. घाई नसेल तर झाडं आठवडाभर वेगळ्या बादलीत, उजेडात ठेवून मगच टाकीत घ्या.

लावण्याची पद्धत

तळाला पाच-सहा सेंटीमीटर वाळू किंवा एक ते तीन मिलिमीटरची बारीक खडी हवी. मोठ्या गोट्यांमध्ये मुळं धरत नाहीत. साध्या वाळूत स्वतःचं असं अन्न नसतं, म्हणून क्रिप्टोकोरीन, ॲमेझॉन सोर्ड अशा मुळांनी खाणाऱ्या झाडांजवळ खताची गोळी खोल दाबून ठेवावी लागते. झाडांसाठीची तयार पौष्टिक माती वापरणार असाल तर ती सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते, हे धरून चाला. त्या काळात झाडं लावा, पाणी वरचेवर बदला, पण मासे सोडू नका. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्ही माशांना विषारी. टेस्ट किटवर दोन्ही शून्यावर आले की मासे.

आता कुठलं झाड कसं रोवायचं. अनुबियास आणि जावा फर्नला आडवं, जाडसर खोड असतं. ते वाळूत पुरलं की कुजतं आणि झाड जातं. ही झाडं मरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. ती लाकडाला किंवा दगडाला सुती दोऱ्याने बांधा, नाहीतर जेलच्या स्वरूपातल्या सुपरग्लूचा थेंब लावून चिकटवा. मुळं नंतर आपली आपण पकड घेतात. व्हॅलिसनेरियाचं तंत्र वेगळं. मुळं आणि पानं जिथे मिळतात तो पांढुरका भाग वर राहायला हवा. रोप थोडं जास्त खोल खोचा आणि तो पांढरा भाग दिसेपर्यंत हळूच वर ओढा. मुळं आपोआप खाली वळतात. काडीसारखी उंच झाडं एकेक करून लावा, अख्खी जुडी एका खड्ड्यात नको. खालच्या दोन पेरांची पानं काढा, चिमट्यात बुंधा तिरपा धरा, वाळूत खुपसा, चिमटा जरासा उघडा आणि किंचित हलवत बाहेर घ्या. सरळ वर ओढला की काडीही वर येते.

पानं गळली तर

बहुतेक रोपवाटिकांत ही झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. हवेतली पानं पाण्याखाली निकामी ठरतात, म्हणून झाड ती टाकून देतं आणि पाण्यात चालणारी नवी, बहुधा पातळ पानं काढतं. क्रिप्टोकोरीन तर नुसती जागा बदलली तरी सगळी पानं गाळून बसते. उपटून फेकू नका आणि ‘इथे जमत नाही’ म्हणून दुसरीकडेही लावू नका. बुंधा बोटाने चाचपून बघा. टणक असेल तर झाड जिवंत आहे. सडकी पानं काढत राहा, महिनाभर वाट बघा.

दिवा आणि कार्बन

झाडाला किती अन्न लागणार हे उजेड ठरवतो. उजेड जितका जास्त, तितकी कार्बन, नायट्रोजन, पोटॅशियम, लोह यांची मागणी जास्त. कार्ल स्प्रेंगल या जर्मन शास्त्रज्ञाने 1828 मध्ये शेतीसाठी मांडलेला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिगच्या नावाने गाजलेला नियम इथेही तसाच लागू पडतो: जो घटक सगळ्यात कमी पडतो, त्याच्यावर वाढ अडते. साध्या टाकीत कमी पडतो तो बहुतेक वेळा कार्बन. हवेच्या संपर्कातल्या 25 अंश तापमानाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम विरघळलेला असतो. अशा पाण्यावर प्रखर दिवा दहा-बारा तास लावला, तर झाडाला तो उजेड वापरता येत नाही. शेवाळाला मात्र येतो.

म्हणून सुरुवात रोज सहा तासांनी करा. टायमर लावा, हाताने चालू-बंद करण्याचा नेम चार दिवस टिकतो. महिनाभरात काचेवर शेवाळ फारसं आलं नाही तर सात, मग आठ तास. त्यापुढे जायची गरज सहसा नसते. दिव्याच्या खोक्यावर ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेले असतील तर लिटरमागे 15 ते 25 हा साध्या टाकीचा ढोबळ हिशेब धरा. दिवा जास्तच प्रखर असेल तर तो उंच टांगा किंवा पृष्ठभागावर तरंगती झाडं वाढू द्या. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळाच.

एअर पंपाने कार्बन उडून जातो, हे अर्धसत्य आहे. वेगळा वायू सोडत असाल तर उडतो. नसाल तर बुडबुड्यांनी नुकसान होत नाही. पाण्यातलं प्रमाण हवेच्या बरोबरीला येतं, इतकंच.

सिलिंडर लावून वायू सोडणाऱ्यांसाठी थोडक्यात: लिटरला 20 ते 30 मिलिग्रॅमचं लक्ष्य ठेवा, दिव्याच्या तास-दोन तास आधी सुरू करा आणि दिव्याबरोबर बंद करा. रात्री झाडं वायू वापरत नाहीत, उलट तीही श्वसन करतात. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणाऱ्या, टाकीत लावायच्या ड्रॉप चेकरमधलं द्रावण निळं म्हणजे कमी, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे धोका. पण तो रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, तेव्हा भरवसा माशांवर ठेवा. ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर वायू लगेच बंद करून पाणी जोरात खळबळवा.

‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणाऱ्या बाटल्यांत बहुतेकदा ग्लुटरल्डिहाइड हे जंतुनाशक रसायन असतं. ते शेवाळ मारतं, पण व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्टलाही अनेकदा विरघळवतं. माझ्या मते नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाणी, खत आणि पानांची भाषा

दर आठवड्याला साधारण एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्याच तापमानाचं असावं. पाणी बदलल्यावर पानांवर चमचमणारे बुडबुडे बघून हुरळून जाऊ नका, ती बहुतेक नळाच्या पाण्यातली हवा असते. दिवा लागून काही तास झाल्यावर पानाच्या एखाद्या कडेतून मोत्यांची सर सुटावी तसे बुडबुडे निघाले तर तो खरा ऑक्सिजन.

माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतात. पोटॅशियम आणि लोह सहसा पुरत नाहीत. द्रवखत बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. नायट्रेट लिटरला 10 ते 20 मिलिग्रॅम असावं. टेस्ट किटवर शून्य आलं की मासे पाळणारे खूश होतात, पण झाडांच्या टाकीत शून्य म्हणजे उपासमार.

काय कमी पडतंय ते पानं सांगतात, फक्त कुठलं पान बघायचं ते कळलं पाहिजे. नायट्रोजन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झाडाला जुन्या पानांतून काढून नव्यांना देता येतात, म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. खालची पानं सरसकट पिवळी पडली तर संशय नायट्रोजनवर. जुन्या पानांत टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडून त्यांच्या कडा पिवळ्या झाल्या तर पोटॅशियम. लोह असं हलवता येत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानं फिकट, पांढुरकी निघतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा. एकदा बिघडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, तेव्हा खत लागू पडलं का हे त्यानंतर फुटलेल्या पानांवरूनच ठरवा.

छाटणी आणि शेवाळ

उंच झाडं पेराच्या जरा वर कापा. बुंध्याला बहुधा दोन फुटवे येतात, आणि कापलेला शेंडा पुन्हा रोवता येतो. व्हॅलिसनेरियाची पानं मधूनच कापली तर टोकं तपकिरी पडतात. लांब झालेलं पान मुळाशीच काढा.

नव्या टाकीत येणारा तपकिरी थर पुसला की जातो आणि काही आठवड्यांत आपोआप थांबतो. पानांच्या कडेला चिकटणारं काळं, दाढीसारखं शेवाळ निघत नाही, पानच कापा. निळसर हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा थर हे शेवाळ नसून जिवाणू आहेत. तो नळीने ओढून काढा आणि तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधारात ठेवा.

गोल्डफिश ठेवायचे असतील तर अनुबियास आणि जावा फर्नवर समाधान माना, बाकीचं ते खातात किंवा उपटतात. मासे आजारी पडल्यास मिठाचा उपचार वेगळ्या भांड्यात करा. मीठ बऱ्याच झाडांना सोसत नाही. आणि आठवडाभर बाहेरगावी जाणार असाल तर आदल्या दिवशी पाणी बदला, टायमर सहा तासांवर आणा आणि शेजाऱ्यांच्या हाती माशांच्या खाण्याचा डबा देऊ नका. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहतात. जास्त पडलेलं खाणं मात्र पाण्यात कुजतं.